त्या शनिवारी दिलेल्या दुनळीबद्दल

४ मार्च

मिस्त्री यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं कार्ड परवा मिळालं. सहा वर्षांनी अक्षर पाहिलं, पण पाठवणाऱ्याचं नाव वाचायच्या आधीच ओळखलं. खुशाली विचारलीत, तर मी ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो, त्याला मी दाद देत नाही. घरातल्या सगळ्यांना नमस्कार सांगा. नात एव्हाना शाळेत जायला लागली असेल.

कार्डात तुम्ही ‘विनंती विशेष’ असं लिहिलंत, ते वाचून मला राग आला. ज्याने या दुकानात चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, त्याने प्रमाणपत्रासाठी विनंती करायची नसते, मागून घ्यायचं असतं. असो.

दुकानाचं म्हणाल तर सगळं जागच्या जागी आहे. तुमचं कामाचं टेबल खिडकीखालीच आहे. तुमच्यानंतर दोघेजण येऊन गेले. पहिल्याला बंदुकीचा घोडा आणि मोटरसायकलचा क्लच यांत फारसा फरक वाटत नव्हता. दुसरा कामाला बरा होता, पण दिवसभर फोनवर बायकोशी भांडायचा, आणि समोर काडतुसं मांडलेली असताना भांडणारा माणूस मला नको. आता किरकोळ काम मीच करते. मोठं काम परत पाठवते.

मुद्द्याचं लिहिते. सरकारने शस्त्रविक्रेत्यांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढलाय तो तुम्ही वाचलेला दिसतो, नाहीतर प्रमाणपत्राची आठवण झाली नसती. चोवीस पानं आहेत. यापुढे दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही स्वतःची नोंदणी लागणार आणि नोंदणीसाठी आधीच्या मालकाचं प्रमाणपत्र. नेमबाजी क्लब तुम्हाला त्यांच्या रायफली सांभाळायला बोलावतोय हे वाचून बरं वाटलं. शिलाई मशिनं आणि कुलपं दुरुस्त करण्यात तुमचे हात फुकट चालले होते.

आपल्या विक्रेता संघात मसुद्यावरून गदारोळ चालू आहे. अध्यक्षांना तुम्ही ‘तोफ’ म्हणायचा, आता सगळेच म्हणतात, त्यांच्या बायकोसकट. बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले, “उद्या म्हणतील, गिऱ्हाईक शिंकलं तरी वहीत लिहा!” त्यांचा सगळा राग नवव्या कलमावर. लोक बाहेरगावी जाताना किंवा घरात नको म्हणून आपल्याकडे बंदूक जमा ठेवतात, त्याबद्दलचं ते कलम आहे. घरातल्या कुणीही लेखी हरकत दिली तर बंदूक एकवीस दिवस परत करायची नाही आणि कचेरीला कळवायचं. परत करताना सही दुकानाच्या खुद्द परवानाधारकाने करायची, नोकराने नाही.

संघाच्या हरकती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण “बाई कॉलेजात शिकल्यात, भाषा चांगली आहे.” कॉलेज सोडून चाळीस वर्षं होत आली, पण लोकांना ते अजून पुरतं. बावीस तारखेला सुनावणी आहे, वाचून दाखवायचंही मीच.

प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. सहा वर्षांपूर्वीच्या प्रकरणाचा त्यात उल्लेख आहे. आधी ठपका आला असेल तर तो लिहिणं नव्या नियमांत सक्तीचं आहे, माझा इलाज नाही. जमेल तितक्या मवाळ शब्दांत लिहिलं आहे. वाईट वाटून घेऊ नका.

गिऱ्हाईक उभं आहे, इथेच थांबते.

दुकानातून,
मी


१३ मार्च

मिस्त्री,

नमस्कार. प्रमाणपत्र परत आलं.

तुम्ही ते फाडलं नाहीत, खाडाखोड केली नाहीत. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत, तीही पट्टी लावून. ओळ अशी होती : ‘एका प्रसंगी दुर्लक्षामुळे जमा शस्त्र परत दिले गेले, तो अपवाद वगळता वर्तणूक उत्तम.’ आणि समासात तीन शब्द : ‘ही चूक कुणाची?’

सोबतचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की आता पाठ झालं आहे. ‘बाई, त्या दिवशी मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तुम्ही स्वतःच खरं काय ते सांगाल. मग वाटलं, उद्या सांगाल. मग वाट बघायची सवय गेली. आता क्लबचे लोक विचारतात, नक्की काय झालं होतं? त्यांना मी काय सांगू, ते तुम्हीच लिहून पाठवा.’

आधी मला रागच आला. राग मला पटकन येतो आणि फार उपयोगी पडतो, तुम्ही तो पुष्कळ पाहिलाय. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर आपटला आणि समोर आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला परवान्याची मुदत संपली म्हणून झापझाप झापलं. मुदत संपायला अजून दोन महिने होते. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, चष्मा लावून बघता का?” माफी न मागता मी परवाना त्याच्याकडे सरकवला.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आता तुम्हाला लिहिते, कारण मी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

शनिवार होता. दुपारचे दोन वाजत आले होते, शटर अर्धं खाली घेतलं होतं. फळबागवाले वाकून आत आले. हातात जमा पावती, परवाना चालू, ओळखपत्र बरोबर. माझी दुनळी द्या, म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. उलट फार हळू बोलत होते. कुंपणावरून भावाशी चाललेला त्यांचा तंटा आपल्या सगळ्यांच्या कानावर होता. तुम्ही बंदुकांच्या साखळीच्या कुलपाला हात लावला नाहीत. माझ्या टेबलापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणालात, “बाई, आज नको. सोमवारी या म्हणावं. स्प्रिंग अडकतेय असं सांगतो मी.”

मी म्हटलं, “खोटं कशाला सांगायचं? कागद बरोबर आहेत.”

“कागद बरोबर आहेत. माणूस बरोबर दिसत नाही.”

“आपण काय डॉक्टर आहोत? द्या म्हटलं ना!”

हे शेवटचं मी त्यांच्यासमोर, मोठ्याने म्हटलं. गिऱ्हाइकासमोर नोकर मला शहाणपण शिकवतो, याचा मला राग आला होता. बंदूक परत देण्यामागे तेवढंच कारण होतं. नियम मला नंतर आठवला.

तुम्ही बंदूक मधून मोडून उघडलीत, दोन्ही नळ्या खिडकीकडे धरून बघितल्यात, आतून फडकं फिरवलंत आणि जमा नोंदवहीत सही केलीत. वडिलांच्या काळापासून आपल्या दुकानात तीच पद्धत. जो नळी तपासेल त्याने सही करायची, मालकाने नुसती मान हलवायची. मान हलवल्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी भावावर दुनळी रोखली. त्यांची बायको मधे गेली. तिचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशी अधिकाऱ्याने वही उघडून मला विचारलं, सही कुणाची? मी म्हटलं, मिस्त्रींची. ते खोटं नव्हतं. परवाना माझ्या नावावर. ठपका माझ्यावर आला असता तर दुकान त्याच आठवड्यात बंद झालं असतं. तुमच्यावर आला म्हणून दुकानाला ताकीद मिळाली आणि खाली शेरा : ‘संबंधित कर्मचाऱ्यास कमी करावे.’ मी कमी केलं. वडिलांचं दुकान वाचवलं, असं स्वतःला बजावत आले. सकाळी शटर वर घेताना रोज.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. संघाच्या हरकतींत, नवव्या कलमाविरुद्ध, मी असं लिहिलं आहे : ‘असा प्रकार एकदाच घडला व तोही एका कर्मचाऱ्याच्या दुर्लक्षामुळे, त्यासाठी जबाबदार परवानाधारकांना वेठीस धरू नये.’ तोफेला ते वाक्य इतकं आवडलं की माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, “बाई, याला म्हणतात लेखणी!” आणि मी हसले.

ठपक्याची ओळ गाळून दुसरं प्रमाणपत्र लिहिलं होतं. पाकिटात घातलं, तिकीटही लावलं. पाठवत नाही. कचेरीत फाईल आहे. ते फाईल काढतील आणि ठपका तुम्हीच लपवलात असं ठरेल. म्हणजे फाईलच बदलायला हवी, आणि ती कुणाच्या तोंडाने बदलते हे मला कळतं. कळतं एवढंच आज लिहू शकते.

हात गेलेल्या त्या बाईंनी दुकानाला पाठवलेल्या चिठ्ठीबद्दल मी वर एक अक्षर लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आज लिहवत नाही.

रागावला असाल तर रास्त आहे.

मी


२३ मार्च

दादा,

चौदा वर्षांची असताना, तुम्ही नुकते कामाला लागलात तेव्हा, मी तुम्हाला अशीच हाक मारायची. वडिलांच्या खुर्चीत बसले त्या दिवसापासून ‘मिस्त्री’ सुरू केलं, आणि तुम्हीही ‘ताई’चं ‘बाई’ करून टाकलंत. दोघांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. जुनी हाक आवडली नाही तर खोडून पुढे वाचा.

नमस्कार. काल सुनावणी झाली.

कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करणारा. अधिकारी बाई माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. बोलणाऱ्याकडे बघून ऐकत होत्या, हे मला आवडलं नाही. तोफ आधी बोलले. माईक बंद पडला होता, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग मी उभी राहिले आणि हरकती वाचल्या. ते वाक्य आलं. मी ते वाचलं. तुम्हाला वाटेल जीभ अडखळली असेल. नाही अडखळली. आवाज खणखणीत होता. संघाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर कलमाच्या बाजूने बोलणाऱ्यांना बोलावलं आणि तिसऱ्या रांगेतून फळबागवाल्यांची बायको उठली. ती येणार हे मला माहीत नव्हतं. उजवी बाही दुमडून पिन लावलेली. कागदबिगद काही नव्हता. म्हणाली, “मी दुकानाला चिठ्ठी पाठवली होती. यांचं डोकं ठिकाणावर नाही, बंदूक देऊ नका, म्हणून. मिस्त्री विसरला म्हणतात. विसरायची सोयच नसती तर बरं झालं असतं. हे कलम राहू द्या.” आणि बसली. मिनिटभरसुद्धा बोलली नसेल.

चहाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात जाऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. ती आपणहून माझ्यापाशी आली. डाव्या हातात कप.

“बाई, मघाशी तुमच्या विरुद्ध बोलले, पण तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही हं. तुम्ही त्या माणसाला लगेच काढून टाकलंत. तेवढंच मला तेव्हा बरं वाटलं होतं.”

तिने चहाचा एक घोट घेतला.

“दवाखान्यात आला होता तो,” ती म्हणाली. “चार फळं घेऊन. आम्हाला, फळं! नर्सला ओरडून सांगितलं, याला हाकला. सहा वर्षं शिव्या देतेय मी त्याला. पण तोंडातून एक शब्द काढला नाही हो त्याने. निर्लज्ज.”

दादा, तुम्ही दवाखान्यात गेला होतात हे मला माहीत नव्हतं. मी गेले नव्हते.

मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. “निर्लज्ज तो नाही. तुमची चिठ्ठी त्याच्या हातात पडलीच नाही. गुरुवारी टपालाने आली, मी फोडली, मी वाचली. नवराबायकोच्या भांडणात दुकानाने पडायचं नाही, असं म्हणून बाजूला ठेवली. शनिवारी ते आले तेव्हा ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मिस्त्री नको म्हणत होते, त्यांना चिठ्ठीचा पत्ताही नव्हता. सोमवारी बातमी आली तेव्हा मी ती तेलकट फडक्यांच्या डब्यात टाकली आणि फडक्यांबरोबर जाळली. आणि चौकशीत सांगितलं की दुकानाचं टपाल मिस्त्री फोडतात.”

तुम्ही एकदाही टपाल फोडलं नव्हतंत. मी फोडू दिलं नसतं.

तिने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पडू नये म्हणून जरा आत सरकवला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“हे मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “मी काय करू याचं? आत जाऊन सांगा.”

“सांगते.”

“आत्ता. घरी जाऊन विचार करायला लागलात तर नाही सांगणार तुम्ही.”

माणसं ओळखते ती. माझ्या मागोमाग आत आली आणि दाराशीच उभी राहिली, मी परत फिरेन म्हणून की काय.

मी पुढे जाऊन हात वर केला. शाळेतल्यासारखा. अधिकारी बाई म्हणाल्या, “संघाचं म्हणणं झालं ना तुमचं?”

“हे संघाचं नाही. माझं आहे.”

मागून तोफ धडाडली, “अहो बाई, बसा, बसा! पाणी आणा रे कुणीतरी, चक्कर येतेय त्यांना!”

चक्कर आली नव्हती. उभं राहून सगळं सांगितलं. टपाल, ड्रॉवर, फडकी, खोटा जबाब. वाचून दाखवलेलं ते वाक्य मी मागे घेते, असंही सांगितलं. नववं कलम राहावं, आणि परत देताना सही मालकाचीच असावी, म्हणजे मान हलवून कुणाला सुटता येणार नाही. अधिकारी बाई म्हणाल्या, “पुरावा?” म्हटलं, पुरावा मीच जाळलाय, माझ्या तोंडाशिवाय काही नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “लेखी द्या.” संघाच्या हरकतींच्या पाठकोऱ्या कागदांवरच बसून लिहून दिलं. चार पानं झाली.

तोफ जिन्यात भेटले. ओरडतील वाटलं होतं. खरोखरच न कळून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “पण बाई, तुम्हाला विचारलं कुणी होतं?”

आज सकाळी दुकानाला सील लागलं. चौकशी होईपर्यंत परवाना स्थगित. जमा बंदुका यादी करून कचेरीत नेल्या. सील लावताना दोन्ही बाजूंचे दुकानदार बाहेर येऊन उभे होते, आणि दादा, खरं सांगते, त्या वेळी मला तुमच्यापेक्षा आणि त्या बाईच्या हातापेक्षा, शेजारी काय म्हणतील याचीच लाज जास्त वाटत होती. मी अजून कुठे आहे ते यावरून ओळखा.

आता कामाचं. जुनी चौकशी पुन्हा उघडली आहे. गुरुवारी अकरा वाजता जबाबासाठी तुम्हाला बोलावणं येईल. ठपका निघाल्याशिवाय तुमची नोंदणी होणार नाही, तेव्हा यायलाच हवं, भिडस्तपणा करून घरी बसू नका. माझ्या प्रमाणपत्राला आता काडीची किंमत नाही. तुमचा जबाबच उपयोगी पडेल. क्लबच्या लोकांना हे पत्र दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, तीनही पत्रं दाखवा.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या चौकशीत, टपाल मिस्त्री फोडतात असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात राग नव्हता. बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून चुकीचं गेलं असेल, आता मी दुरुस्त करेन, असं तुम्हाला वाटलेलं दिसत होतं. मी टेबलावरचं पेन उचललं, त्याचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग तुम्ही अधिकाऱ्याकडे वळलात आणि म्हणालात, “बाई सांगतात तसंच असेल.”

गुरुवारी मी समोरच्याच खुर्चीत असेन. या वेळी माझी वाट बघू नका. विचारतील ते सगळं सांगा. गिऱ्हाइकासमोर मी तुमच्यावर ओरडले होते, तेही सांगा. चार पानांत ते लिहायचं मी विसरले.

विसरले नाही. लाज वाटली म्हणून गाळलं.

माफी या पत्रात मागत नाही. मागितली की तुम्ही लगेच देऊन टाकाल, मला माहीत आहे.

तुमची अपराधी